मामाच्या मांडीवर

संस्कृतीला अकरावा महिना लागला आणि तिच्या मामाची झोप उडाली.

तशी ही पोरगी कुणाकडेही जायची. सोसायटीच्या वॉचमनकडे जायची, कोथिंबीरवाल्या मावशींकडे जायची, आणि कुरिअर घेऊन आलेल्या माणसाच्या कडेवर बसून एकदा तिनं त्याच्या हेल्मेटचा पट्टा चांगला पाच मिनिटं चघळला होता. रडायची ती फक्त एकाच माणसाला बघून, आणि तो होता तिचा सख्खा मामा, सूरज.

सूरज हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवायचा. रोज सकाळी सव्वासातला बस कर्वेनगरच्या चौकात लावायची आणि लोक जमेपर्यंत वर बहिणीच्या घरी चहा घ्यायचा, हा त्याचा शिरस्ता. बहीण शेफाली त्याच बसनं ऑफिसला जायची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा घरच्यांनी मिळून एक युक्ती काढली होती. आईला जाताना बघून पोरीनं रडू नये म्हणून मामानं तिच्यासमोर बसायचं, किल्ल्यांचा जुडगा छुमछुम वाजवायचा, आणि तेवढ्यात शेफालीनं चपला हातात घेऊन दाराबाहेर सटकायचं. मागोमाग मामानंही जिना उतरायचा. शेफालीचा नवरा यज्ञेश्वर अमेरिकेच्या वेळेनुसार काम करून तेव्हा नुकताच झोपलेला असायचा. मग पोरगी शेफालीच्या सासूबाईंच्या, म्हणजे शकूकाकूंच्या ताब्यात.

युक्ती दोन महिने झकास चालली. पुढे मात्र मामानं दारात पाऊल टाकलं की संस्कृतीचा खालचा ओठ बाहेर यायचा, हनुवटी थरथरायची आणि मग असा भोंगा सुरू व्हायचा की खालच्या मजल्यावरचे लोक घड्याळ लावून घेत.

"आता माणसं ओळखायला लागलीय ना, म्हणून," सगळे म्हणायचे. सूरजला ते पटायचं नाही. ओळखायला लागली तर मामाला आधी ओळखायला नको का? कुरिअरवाला काय तिच्या बारशाला आला होता?

त्यातच जावळाची तारीख ठरली. पहिल्या वाढदिवसाच्या आत, अकराव्या महिन्यात, रविवारी. मध्ये बरोबर तीन आठवडे. जावळ काढायचं म्हणजे पोर मामाच्या मांडीवर हवं, ही रीत. न्हावी कोण, जेवायला काय, यावर वाद होऊ शकतो, मांडीवर नाही. पण शकूकाकूंनी तोही प्रश्न निकालात काढला.

"अहो सूरज, वाईट वाटून घेऊ नका," चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "पण वस्तऱ्याखाली पोर अशी उसळली तर जावळाबरोबर कानही जायचा. तुमच्या त्या चुलतभावाला, दत्तप्रसादला बसवू मांडीवर. तोही मामाच की. आणि तो तिला चालतो. तुम्ही फोटो काढा, तुमचा फोन चांगला आहे."

सूरज हसला, पण चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला. एकुलती एक बहीण, तिची ही पहिली पोर. मामाचा म्हणून जो काही मान असतो तो असा शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसणार, हे त्याला फार लागलं. आणि त्याहूनही लागलं ते हे, की का, ते कळत नव्हतं.

कळत नाही म्हटल्यावर सूरजला चैन पडत नसे. बसमध्ये कुठे खडखडलं तर तो मेकॅनिककडे जायचा नाही. एकेक नट आवळायचा, एक फेरी मारायचा, कान द्यायचा. आवाज गेला तर तोच नट, नाहीतर पुढचा. तेच त्यानं इथंही केलं. सोमवारी टोपी काढून गेला. पोरगी रडली. मंगळवारी बसमधल्या अगरबत्तीचा वास नको म्हणून लहान बाळाच्या साबणानं अंघोळ करून गेला. त्या दिवशी पहिल्या सीटवरच्या सलोनी मॅडमनं दोनदा मागं वळून विचारलं, "बसमध्ये बेबी आहे का कुणाचं?" पोरगी रडलीच. बुधवारी तोंडातून अवाक्षर न काढता बसला. गुरुवारी पांढरा शर्ट बदलून निळा घातला. रोज भोंगा, रोज तोच सूर.

शनिवार उजाडला तेव्हा एकच नट आवळायचा राहिला होता. मिशी.

मिशी साधीसुधी नव्हती. वडिलांसारखी, भरघोस, टोकाला किंचित वर वळलेली. सूरज संध्याकाळी गावातल्या मच्छिंद्रच्या दुकानात जाऊन बसला आणि म्हणाला, "काढ."

मच्छिंद्रनं आरशातून बघितलं. त्याचा वस्तरा हवेतच राहिला. "कवा?" त्यानं हळूच विचारलं.

"कवा काय? आत्ता काढ. घाई आहे."

मच्छिंद्रनं पुढं काही विचारलं नाही, पैसेही घेतले नाहीत. सूरजला वाटलं, माणूस चांगला आहे.

हिंजवडीच्या पलीकडचं त्याचं गाव आता नावालाच गाव उरलंय. बऱ्याच शेतांच्या जागी बारा-बारा मजली टॉवर आलेत. पण गावाच्या काही गोष्टी अजून टॉवरखाली गेलेल्या नाहीत. बाप गेला की पोरगा मिशी उतरवतो, ही त्यातली एक. भाचीच्या नादात सूरजच्या हे डोक्यातूनच गेलं होतं.

गावच्या चौकात दोस्त संभाजीनं बुलेट थांबवली, खाली उतरला आणि सूरजला मिठीच मारली. "सकाळी तर चांगले बोलले रं माझ्याशी," त्याचा आवाज भरून आला होता, "ऊस कधी तुटनार म्हनून इचारत व्हते."

"कोण?"

"आप्पा!"

सूरजचा हात ओठावर गेला आणि मग तो पळतच सुटला. उशीर झाला होता. दारात चार बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, आणि ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तो त्याचा बाप हिंदुराव ओट्यावर मांडी घालून फरसाण खात त्यांना विचारत होता, "कोन गेलं गं?"

मग त्याला पोराचं तोंड दिसलं.

"म्या जिता हाय अजून!" हिंदुरावानं फरसाणाची वाटी आदळली. "बाप समोर बसलाय घास खात, आन् तू मिशी उतरवून येतो? मला जाळूनच यायचं व्हतं ना!"

"आप्पा, ती संस्कृती रडते म्हणून..."

"पोर रडती म्हनून बाप मारतो व्हय रं? मिशी येईस्तवर तोंड दाखवू नगंस. आन् त्या जावळाला म्या येनार न्हाई. मेल्याली मानसं कुठं जात न्हाईत."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. रात्रभर सूरज कूस बदलत राहिला. निदान पोरगी तरी हसेल, एवढीच काय ती आशा होती. रविवारी अकरा वाजता तो कर्वेनगरला पोचला, बेल वाजवली, आणि मिशी नसलेल्या मामाला बघून संस्कृतीनं नेहमीच्या जागी, नेहमीच्या सुरात भोंगा लावला.

"हुशार आहे हो पोर," शकूकाकू म्हणाल्या. "मिशी नसतानाही ओळखलं."

सूरज मटकन फरशीवरच बसला. बस सुटायची नव्हती, चहा प्यायची घाई नव्हती, जुडगा वाजवायचा नव्हता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो नुसता बसून पोरीकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात एक गंमत आली. ती रडत होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. घाबरलेलं पोर ज्याला घाबरतं त्याच्यावरून नजर काढत नाही. ही तर त्याला पाठ दाखवून गुडघ्यांवर रांगत सुसाट निघाली होती. मोरीच्या उंबऱ्याजवळून, खेळण्यांच्या ढिगावरून, थेट आईपर्यंत. आईचा कुर्ता तिनं दोन्ही मुठींत पकडला आणि मग मान वळवून दाराकडे पाहिलं.

दाराकडे. मामाकडे नाही.

सूरजनं हळूच खिशातून जुडगा काढला आणि एकदाच वाजवला. छुम्. पोरीनं किल्ल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कुर्ता आणखी घट्ट धरला.

"शेफाली," सूरज म्हणाला, "ती मला घाबरत नाही गं. मी तिची आई चोरतो."

"काय बोलतोस दादा?"

"बघ ना. मी येतो, किल्ली वाजते, आणि ती वळून बघते तर तू नसतेस. रोज. चार महिने. आणि संध्याकाळी तू घरी येतेस तेव्हा मी असतो का? मी तुला चौकात सोडून तसाच गाडी लावायला जातो. तिच्या हिशेबानं मामा आईला नेतो, परत कधी आणत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. शेफालीनं पोरीला उचलून छातीशी धरलं. "पण मी गेल्यावर ती रडत नाही ना, आई?" तिनं सासूबाईंना विचारलं. "मला वाटायचं, तिला कळतच नाही."

शकूकाकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "दारापाशी जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "रडत नाही. बसते अर्धा तास. तू दिवसभर तिकडे काम करणार, तुला कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही."

मग शेफालीच रडली, आणि संस्कृती तिच्या गालावरचं पाणी बोटानं पसरवत मोठ्या कुतूहलानं बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. सकाळी चोरून सटकणं बंद. शेफाली समोर बसून, तोंडाकडे बघून सांगायची, "मी ऑफिसला जाते हं. मामा मला संध्याकाळी घेऊन येणार." पोरगी रडायची, चांगली गळा काढून रडायची, आणि सूरज किल्ली वाजवून म्हणायचा, "आणतो गं तुझ्या आईला, आणतो." बस चार मिनिटं उशिरा सुटू लागली आणि मागच्या सीटवरच्यांनी कुरकुर केली. संध्याकाळी तो चौकात गाडी कडेला लावून शेफालीबरोबर वर यायचा. त्यापायी घरी पोचायला रोज तासभर उशीर व्हायचा, कारण साडेसातनंतर हिंजवडीकडचा रस्ता कुणाच्या मामाला भीक घालत नाही.

पहिल्या संध्याकाळी दार उघडलं, पुढे मामा. संस्कृतीचा ओठ बाहेर आला. मामाच्या मागून आई आली. ओठ तसाच अर्धवट बाहेर राहिला. तिनं मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा मामाकडे. हे काहीतरी नवीनच होतं. चौथ्या संध्याकाळी ती मामाला बघून त्याच्यामागे डोकावायला लागली. दुसऱ्या आठवड्यात रांगत येऊन तिनं त्याची विजार धरली आणि खिशावर थापट्या मारल्या, आत ते वाजणारं आहे का बघायला.

जावळाच्या रविवारी दत्तप्रसादला आमंत्रण होतं, पण पाहुणा म्हणून. पाटावर सूरज बसला, ओठावर मिशीचे नुसते खुंट घेऊन. गावाहून खास आणलेल्या मच्छिंद्रनं पोरीचं डोकं पाण्यानं भिजवलं, शकूकाकूंनी केस झेलायला पदर पसरला, समोर शेफाली टाळ्या वाजवत बसली. वस्तरा उजव्या बाजूनं फिरला. पोरगी गप्प. कुणी मोठ्यानं श्वासही घेईना.

अर्धं डोकं झालं आणि शेफालीचा फोन वाजला. ती ऐकत ऐकत उठली, "अगंबाई" म्हणाली आणि घाईघाईनं दाराबाहेर गेली. काही न सांगता. जुनी सवय.

मच्छिंद्रनं झटकन वस्तरा वर उचलला. संस्कृतीनं दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, हनुवटी थरथरली. दत्तप्रसाद अर्धवट उठला. सूरजनं डोळे मिटून घेतले. दोन आठवडे पाण्यात गेले, त्याला वाटलं.

पण भोंगा काही वाजेना. त्याच्या खिशाशी काहीतरी खुडबुड चालली होती. त्यानं डोळे उघडले. अर्धं डोकं तुळतुळीत आणि अर्ध्यावर ओले केस असलेली त्याची भाची ओठ काढून, मोठ्या कष्टानं त्याच्या खिशातून जुडगा ओढत होती. तो निघाला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून मामाच्या तळहातावर ठेवला आणि दाराकडे बघितलं.

जा, घेऊन ये.

सूरजला उठता तर येत नव्हतं. त्यानं जुडगा वाजवला. छुम्. बाहेर जिन्यात पावलं वाजली आणि दारातून शेफाली आत आली. तिच्या मागून, फेटा सावरत, धापा टाकत, मिशीला पीळ देत हिंदुराव.

"तुम्ही येणार नव्हता ना, आप्पा?" सूरजनं कसंबसं विचारलं.

"जिता हाय ते दावायला आलोय," हिंदुराव म्हणाला. मग त्यानं अर्ध्या डोक्याच्या नातीकडे पाहिलं, बिनमिशीच्या पोराकडे पाहिलं, आणि तो खाली पाटाशेजारी टेकला. "चालू द्या. पोरीला अर्धंच ठेवनार हाय का?"

संस्कृती आईला बघून हसली. सूरजनं किल्ल्या परत खिशात घालायला हात खाली नेला, तर तिनं जुडगा धरून ठेवला. राहिलेलं डोकं होईपर्यंत तो तिच्याच मुठीत होता.