कमी पडलेलं कापड

चर्चच्या पाळकसाहेबांनी दुकानाचा पडदा बाजूला सारला तेव्हा शिवणकाम करणारी बाई तोंडात चार टाचण्या धरून मशीन चालवत होती. तिने मानेनेच स्टुलाकडे खूण केली. स्टुलावर अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग होता.

"बसायला नाही आलो," ते म्हणाले. "थोरल्या मावशींना तुम्ही काय सांगितलंत?"

तिने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली.

"कुठल्या मावशी?"

"वेड पांघरू नका. परवा तुम्ही त्यांना गाऊन नेऊन दिलात. धाकट्या बहिणीनं कापड देऊन शिवून घेतलाय म्हणालात. आत्ता मी धाकट्या मावशींकडूनच येतोय. त्यांना गाऊनचा पत्ताच नाही. उलट त्या मला सांगतायत, ताईनं तुमच्या हाती निरोप पाठवला, येऊन भेट म्हणून."

"मग जाणार आहेत ना त्या?"

"आज पाचला."

"झालं तर," असं म्हणून बाईने पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

सगळी वस्ती तिला 'उद्या' म्हणत असे. कपडा कधी मिळेल, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "फक्त काजं-बटणं राहिलीत, उद्या या." तो उद्या महिना-महिना उगवत नसे. कापड तर तिला नेहमीच कमी पडायचं. दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या वर्धापनदिनाला गायकांचे झगे तिच्याकडे दिले होते, आणि अर्धे गायक बाह्यांना टाचण्या लावून गायले. पाळकसाहेबांनी चारचौघांत तिची खरडपट्टी काढली आणि ते काम काढून घेतलं. तेव्हापासून ती उपासनेला शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रवचन सुरू झालं की डुलक्या घ्यायची.

त्या दोघी बहिणींचं प्रकरण मात्र अकरा वर्षांचं होतं. आई गेली त्या दिवशी धाकटीची गाडी वाटेत बंद पडली. अर्धा तास थांबू या, असं लोक म्हणत होते. थोरली म्हणाली, नको, पेटी बंद करा. धाकटीला आईचं तोंड दिसलं नाही. दोघींच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर होतं आणि अकरा वर्षांत एकीनेही ते ओलांडलं नव्हतं.

आता थोरल्या मावशींना झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं होतं. दुसरा आला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीन महिने पाळकसाहेब दर बुधवारी जात होते, तो उजवा हात हातात घेऊन प्रार्थना करत होते आणि मग हळूच विषय काढत होते. थोरली म्हणायची, तिनं यावं. धाकटी म्हणायची, तिनं बोलवावं. पाळकसाहेबांचे जोडे झिजले. देवा, कुणाला तरी पाठव, असं ते रोज मागत. कुणाला तरी म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर एखादी शहाणीसुरती, वजनदार व्यक्ती असे. 'उद्या' कधीच नसे.

"हे खोटं आहे, बाई. उघडं पडलं तर त्या जन्मात एकमेकींचं तोंड बघणार नाहीत."

"आत्ता कुठं बघतायत?"

पाळकसाहेब पडद्यापर्यंत जाऊन परत फिरले. मग म्हणाले, "थोरल्या मावशींनी मला साडेचारला बोलावलंय. त्या विचारणार. मी खोटं बोलत नाही."

"माहीत आहे की." तिने दोरा दाताने तोडला. "मागं तुम्हीच त्या पवित्र शास्त्रातल्या बाईचं सांगितलं होतं. हेर घरात लपवले आणि शिपायांना धडधडीत थाप मारली. देवानं नेमकं तिच्याकडूनच काम करून घेतलं, म्हणालात."

"तुम्ही झोपला होता तेव्हा."

"मध्येच जाग आली."

रस्त्याला लागल्यावर पाळकसाहेबांचं डोकं चालेना. ते प्रवचन त्यांनी दहा वेळा तरी केलं असेल. देव कुणालाही निवडतो: तोतऱ्याला, मेंढपाळाला, कोळ्याला, बदनाम बाईला. व्यासपीठावरून ते सगळं कसं स्वच्छ दिसायचं. पण ती माणसं कधीच होऊन गेलेली होती, आणि त्यांच्यातल्या कुणीही गायकांचे झगे बिघडवले नव्हते. आपल्याला खोट्याचा राग आलाय की तीन महिन्यांत आपल्याला जमलं नाही ते हिने एका गाऊनात जमवलं म्हणून पोटात दुखतंय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. वाटेत ते एकदा चक्क उलट दिशेला वळले.

थोरल्या मावशींची सून औषधं आणायला बाहेर पडत होती. दार त्यांच्यावर सोपवून ती गेली.

मावशी उशांना टेकून बसल्या होत्या. अंगात नवा गाऊन होता, आकाशी रंगाचा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. उजव्या खांद्यावर शिवण नव्हती, बंद होते. ते सोडले की हात वर न करता गाऊन चढवता येई. गळ्याशी बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

"हा धाकटीनं पाठवला का?" त्यांनी सरळच विचारलं. "खरं सांगा."

पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते. हो म्हटलं तर जन्मभराचा नेम मोडत होता. नाही म्हटलं तर तीन महिने, अकरा वर्षं, सगळंच पाण्यात जाणार होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली. काहीच ऐकू आलं नाही.

"नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

मावशी हसल्या. अर्धंच तोंड हसलं.

"कापड माझंच आहे हो. नऊ वर्षांपूर्वी त्या 'उद्या'कडे शिवायला टाकलं होतं. कमी पडलं म्हणाली आणि बाह्या आखूड केल्या. काही उरलं नाही अशी नेसत्या कपड्यांवर हात ठेवून शपथ घेतली होती मेलीनं."

"तुम्ही ओळखलं होतंत?"

"ठिपके बघितल्याबरोबर. असं भांडणार होते मी! पण मग हे बंद दिसले." त्यांनी डाव्या हाताने खांद्याला स्पर्श केला. "तुम्ही तीन महिने हा हात धरताय, पाळकसाहेब. कपडे घालताना तो वर होत नाही, मी रडते, हे तुम्हाला कळलं नाही. तिला एकदा दारातून बघून कळलं. आणि आठवड्याच्या आत आणून दिला! त्या बाईनं! तेव्हाच म्हटलं, ह्यात देवाचा हात असणार. एरवी शक्य नाही."

पाळकसाहेबांना हसू येईना आणि रडूही येईना. ते नुसते त्या सेफ्टी पिनेकडे बघत राहिले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"धाकटीनं खरंच पाठवला असता तर आनंदच होता. तेवढं विचारून घ्यायचं होतं." त्या खिडकीकडे बघू लागल्या. "त्या दिवशी मी थांबले असते तर काय बिघडलं असतं?"

"मावशी," त्यांनी एकदाचं सांगून टाकलं, "त्या येतायत. आत्ता, पाचला. तुम्ही बोलावलंय, असं त्यांना सांगितलंय."

"कुणी?"

"त्याच बाईनं."

मावशींचे डोळे विस्फारले. डावा हात पिनेशी चाळा करू लागला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दोघंही जागचे हलले नाहीत. घंटा पुन्हा वाजली, या वेळी अगदी थोडीशी, परत जायच्या बेतात असल्यासारखी.

"जाईल हो ती!" मावशी ओरडल्या. "बोलवा तिला. आधी बोलवा!"

पाळकसाहेब धावलेच. दार उघडलं तेव्हा धाकट्या मावशी एक पायरी खाली उतरल्या होत्या. छातीशी पिशवी घट्ट धरलेली.

"ताईनं खरंच बोलावलंय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "का त्या 'उद्या'नं थाप मारली?"

"बोलावलंय," पाळकसाहेब म्हणाले. "आत्ताच."