शेवंतीमावशीचं दुखणं

त्र्याण्णव सालचा श्रावण. ठाण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं तशी मालू कळवळली. लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि पाळीच्या दिवसांत कोपरच्या सासरी तिला उभंसुद्धा राहवत नव्हतं.

"घरात कुणाला असा त्रास होता का? आईला, मावशीला?"

मालूच्या आईचा, सगुणाबाईंचा, मनातला नामजप तिथेच अडला. शेजारीच विहीणबाई, हौसाबाई, बसल्या होत्या. कळव्याची शेवंती, सगुणाबाईंची धाकटी बहीण, अशीच गडबडा लोळायची. मूल झालं नाही, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. मालूच्या सोयरिकीत तिचं नावही सगुणाबाईंनी निघू दिलं नव्हतं. आता बोलावं, तर मालूचीही शेवंती व्हायची.

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात नाही कुणाला."

"मग गोळ्या देते. तीन महिन्यांनी या."

"तीन महिने?" मालूचा आवाज चिरकला. "बाई, मला जिना चढवत नाही हो!"

"अगं, सगळ्याच बायकांचं दुखतं," हौसाबाई म्हणाल्या. "आम्ही काय डॉक्टरकडे पळत होतो?"

मालू गप्प झाली. दुखणं खोटं ठरवलं की शेवंतीही अशीच गप्प व्हायची. डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहू लागल्या.

"होता," सगुणाबाई एकदम म्हणाल्या. "माझ्या बहिणीला होता. मलाही. ही फार उशिरा झाली मला."

"अहो, मग आधी सांगायचं ना! हे रक्तातून येऊ शकतं. आई-मावशीला असेल तर मुलीला धोका जास्त. आता नुसत्या गोळ्यांवर नाही थांबायचं, दुर्बिणीतून आत बघायला हवं."

"आधी आम्हालाही सांगायचं होतं," हौसाबाई म्हणाल्या. "देवाधर्माची माणसं म्हणून काही विचारलंसुद्धा नाही आम्ही."

सगुणाबाईंनी हात जोडले. हौसाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"दुर्बिणीचं कधी करायचं ते बोला, बाई. भांडायचं ते आम्ही घरी भांडू."

सगुणाबाईंच्या जिवात जीव आला. तोच मालू म्हणाली, "आई, तुलाही दुखायचं?"

"हो गं."

"मग मी शिवाशिव पाळत नाही म्हणून दुखतं, असं का सांगत आलीस? ऋषिपंचमी धरायला लावलीस. दरवर्षी देवाची माफी मागत होते मी!"

"मलाही माझ्या आईनं तेच सांगितलं होतं, बाळा."

त्यांनी हात पुढे केला. मालू उठली आणि हौसाबाईंच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली.