पायी फिरणाऱ्याचा परवाना

नॉर्मनने काचेखालच्या फटीतून अर्ज पुन्हा आत ढकलला.

"नीट वाचा. एकवीस वर्षं मी याच खिडकीतून परवाना घेतोय."

पोलीस ठाण्याच्या खिडकीमागच्या पॉसनबाईंनी अर्ज वाचला नाही. त्या त्याच्या चाकांच्या खुर्चीकडेही बघत नव्हत्या, आणि न बघण्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडत होते.

"नियम मी केलेला नाही, नॉर्मन. फेरीवाल्यानं पायी फिरायचं असतं. बसून विकणाऱ्याला नगरपालिकेचा परवाना लागतो. आणि आपल्या स्केलबीत तो देणं कधीच बंद झालंय."

"मी कुठं बसून विकतोय? दारोदार जातो. बायको खुर्ची ढकलते."

"म्हणजे त्या पायी. तुम्ही नाही." बोलून गेल्यावर ते त्यांचं त्यांनाच लागलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अपंगांच्या भत्त्याच्या कचेरीतले म्हणतात, हात धड आहेत, तोंड चालतंय, काम करा. म्हणून भत्ता बंद. तुम्ही म्हणता, पाय नाही, काम करू नका. तुम्ही एकदा आपसात बोलून घ्या ना. मी बाहेर थांबतो तोवर."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. नॉर्मनच्या बोलण्याला लोक हसायचेच. दार लावून घ्यायला आलेली बाई त्याच्याकडून भांडी पुसायची तीन फडकी घेऊन आत जायची, आणि वर त्याला चहा विचारायची. मार्चमध्ये साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. जीभ मात्र शाबूत होती.

खुर्चीच्या मुठी धरून उभी असलेली त्याची बायको ग्लेनिस एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलली.

"माझ्या नावावर मिळेल?"

नॉर्मनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या? अहो, ही बेकरीत पाव मागताना लाजते. डॉक्टरला हिचं दुखणंसुद्धा मी सांगतो."

"मिळेल," पॉसनबाई म्हणाल्या. "पण मग माल दाखवायचा यांनी, भाव सांगायचा यांनी. तुम्ही एक शब्द जरी बोललात तरी ती विनापरवाना विक्री. नगरपालिकेची माणसं फिरत असतात हल्ली. गेल्या महिन्यात एकाचा सगळा माल उचलून नेला."

परवाना यायला दहा दिवस लागले. तोवर घरातली वीज गेली होती, आधी पैसे भरले तरच चालणाऱ्या मीटरमध्ये भरायला काही उरलं नव्हतं. इन्शुलिनच्या कुप्या ग्लेनिसने शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. तिथे त्या कशा ठेवायला मागितल्या, हे नॉर्मनने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी समुद्रावरून बोचरा वारा येत होता. फडकी, स्पंज आणि कपड्यांचे चिमटे यांची पिशवी मांडीवर घेऊन नॉर्मन खुर्चीत बसला होता. पहिल्या चार दारांपाशी ग्लेनिसने घंटा वाजवली, आणि दार उघडताच "माफ करा, घर चुकलं" असं पुटपुटत ती मागे फिरली.

"अगं, नुसतं नमस्कार म्हण. आणि फडकं तिच्या हातात दे. हातात गेलं की निम्मं विकलं गेलं."

"कळतं रे मला. होत नाही."

"मग मी बोलतो."

"आणि ते?" तिने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे नगरपालिकेची पांढरी गाडी उभी होती. आत कुणीतरी डबा उघडून खात होतं.

पाचव्या दारात एक जाडसर, हसऱ्या चेहऱ्याची बाई आली. ग्लेनिसने फडकं नुसतंच पुढे धरलं. त्या बाईने तिच्या खांद्यावरून खुर्चीकडे पाहिलं.

"काय हो, काय काय आणलंय आज?"

तिने थेट नॉर्मनलाच विचारलं होतं. त्याचे ओठ उघडले. एकवीस वर्षांची सगळी वाक्यं जिभेवर येऊन उभी राहिली. त्याने गाडीकडे पाहिलं. घशातून नुसताच एक घोगरा आवाज निघाला आणि ओठ पुन्हा मिटले.

बाईचा चेहरा बदलला.

"अरे देवा." ती ग्लेनिसकडे वळली, आवाज खाली आणून. "बोलता येत नाही होय त्यांना? समजतं तरी का काही?"

ग्लेनिसने नॉर्मनकडे पाहिलं. तो पिशवीच्या बंदाकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. त्या सकाळी दारात तिच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द होता.

बाईने चार फडकी घेतली, स्पंज घेतले, सुटे परत घेतले नाहीत. मग पायरी उतरून ती खाली आली, नॉर्मनचा खांदा थोपटला आणि कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाली, "शहाणी आहे हो तुमची बायको! तिला त्रास नाही द्यायचा!"

पुढच्या फाटकाशी ग्लेनिस थांबली.

"नॉर्मन, मला तसं म्हणायचं—"

"चल."

"या दारी मी सांगते, की तुला—"

"चल म्हटलं ना."

तिने खुर्ची पायरीपाशी नेली आणि घंटा वाजवली. आतून पावलं जवळ येत होती. गळ्याचा रुमाल सारखा करत तिने एकदा मागे वळून पाहिलं. नॉर्मनने मान हळूहळू एका खांद्यावर टाकली होती, आणि तोंड थोडंसं उघडं ठेवलं होतं.

दार उघडलं.

"नमस्कार," ग्लेनिस म्हणाली.