कुलूपवाली

माझ्या धाकट्या भावाने कथालेखनाचा वर्ग लावला आणि माझ्या घराची शांतता गेली. तो विमा कचेरीत कारकून आहे. आईला भेटायला फक्त रविवारी येतो, तेही पाहुण्यासारखा. आई माझ्याकडे असते. सकाळचं तिला दुपारी आठवत नाही. गेल्या वर्षी ती एकटीच बाहेर पडली आणि तीन तासांनी भर चौकात अनवाणी सापडली. तेव्हापासून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जाताना मी दाराला कुलूप लावते. शेजारीण दुपारी उघडून तिला जेवू घालते.

वर्गातल्या मास्तरांनी शिकवलं म्हणे, कथेला पात्रं हवीत, स्थळ हवं, आणि संघर्ष तर हवाच. संघर्षासाठी कोणीतरी वाईट लागतं. त्यासाठी धाकट्याला फार लांब जावं लागलं नाही. त्याच्या कथेत थोरली बहीण म्हाताऱ्या आईला कोंडून ठेवते आणि प्रेमळ मुलगा तिच्यासाठी झुरतो. झुरायला याला आठवड्यातला एक तास पुरतो.

लिहिलेलं कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, हाही मास्तरांचाच नियम. धाकट्याने आईलाच दाखवलं. ओळीने तीन रविवार, तीच कथा. जेवलेलं विसरणारी माझी आई ती कथा मात्र विसरली नाही. तिसऱ्या रविवारी तिने माझ्या हातचा घास परतवला.

"तू ती कुलूपवाली," ती म्हणाली.

मी धाकट्याला स्वयंपाकघरात धारेवर धरलं.

"अगं ताई, काल्पनिक आहे ते. तुला कथेतलं काही कळत नाही."

"मला कळतं. आईला कळत नाही. आणि तू वाचलंस तिलाच."

त्याची वही मी हिसकावून घेतली. समासात मास्तरांनी पेन्सिलीने विचारलं होतं, बहीण कुलूप का लावते? त्याखाली धाकट्याचं उत्तर होतं, स्वभावच दुष्ट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरांनी त्यावर फुली मारून लिहिलं होतं, खरं कारण शोधा.

"शोध कारण," मी किल्ली त्याच्यासमोर आपटली. "उद्या शेजारीण नाही. रजा काढ. दिवसभर आई तुझी."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आले तर दाराला कुलूप. धाकटा बाहेर जिन्यात बसला होता. शर्टाचं बटण तुटलेलं, गालावर नखाचा ओरखडा.

"पाच वेळा पळाली," तो म्हणाला. "शेवटच्या वेळी गाडीखालीच जायची. दहाच मिनिटं लावलंय गं. मला नुसतं बसायचं होतं."

मी किल्ली घेऊन दार उघडलं. आई दाराला टेकूनच उभी होती.

"पुन्हा कोंडलंस मला," ती मला म्हणाली आणि तिने धाकट्याचा हात घट्ट धरला. "बरं झालं बाळा, सोडवायला आलास."

"सांग तिला," मी म्हणाले. "आज कुलूप कोणी लावलं ते सांग."

आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. "हिनेच मारलं ना तुला?"

धाकट्याने एकदा माझ्याकडे बघितलं. कुलपाचं खरं कारण त्याला सापडलं होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग मान खाली घालून तो आईच्या मागोमाग आत गेला. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

कुलूप माझ्या हातातच होतं. उद्या सकाळी सातला मला ते पुन्हा लावायचं होतं.