दोघांसाठी घेतलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. भद्रावतीच्या एका गल्लीत, कुलूप लावलेल्या घराच्या पडवीत मी उभी असते. माझ्यावर निळी ताडपत्री टाकलेली आहे. तिला एके ठिकाणी भोक पडलं आहे आणि तेवढ्यातून मला रस्त्याचा छोटा तुकडा दिसतो. तुमच्यापैकी काही जण शाळेत जाताना त्या तुकड्यातून जातात. मला तुमचे फक्त पाय आणि दप्तरांची बुडं दिसतात. दिवसभरात मला भेटणारी माणसं तेवढीच, म्हणून तुमच्याशीच बोलते.

मला लांबच्या प्रवासासाठी बनवलं गेलं. पुढे वारा अडवणारी मोठी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, गादीसारखी रुंद सीट, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ आणि धरायला दांडे. माझा आवाजही मोठा नाही, घुमणारा आहे. चंद्रपूरच्या शोरूममध्ये मला काचेजवळ उभं केलं होतं. माझ्या शेजारी एक लाल गाडी होती. सडपातळ, पुढे झुकलेली, उभी असली तरी धावत असल्यासारखी दिसणारी. लोक आत आले की आधी तिच्याकडे जात. माझ्याकडे येत, माझी किंमत वाचत आणि पुन्हा तिच्याकडे जात. मला त्याचं वाईट वाटत नसे. शेजारी कोणीतरी आहे, एवढंच पुरे होतं.

एका दुपारी धनराज बावणे आणि त्यांच्या पत्नी इंदुताई आले. धनराजभाऊ माजरीच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवत. डंपर म्हणजे घराएवढी गाडी. ती रिकामी खाणीत उतरते आणि कोळसा भरून हळूहळू वर चढते. भाऊंची नोकरी संपायला तीन-चार वर्षं उरली होती. गाड्या दाखवणाऱ्या पुनमताईंना ते म्हणाले, "तीस वर्सं गाडी चालवून राह्यलो बाई, पन कुठी पोचलोच नाई. खड्ड्यात जा, वर या. आता एकदा सुसाट जायचं आहे मले."

असं म्हणून ते लाल गाडीवर बसले. हँडलवर ओणवे झाले आणि त्यांचं तोंड एकदम वीस वर्षांच्या पोरासारखं झालं. मग इंदुताई मागे चढल्या. तिची मागची सीट उंच आणि वीतभर. धरायला काही नाही. त्या भाऊंच्या पाठीवर घसरल्या.

"कशी आहे?" भाऊंनी विचारलं.

"मस्त आहे नं. घ्या तुमी."

पण उतरताना इंदुताईंचा एक हात कमरेवर गेला. भाऊंना ते माझ्या आरशात दिसलं. पुनमताई म्हणाल्या, "काकू, एकदा हिच्यावर बसून पाहा."

इंदुताई माझ्यावर बसल्या. पाठ टेकली, दोन्ही दांड्यांवर हात ठेवले. मग हसून म्हणाल्या, "अवो, इथी तं मले झोप येईन."

भाऊंनी लाल गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हेच देऊन टाका."

मला फार आनंद झाला. पण शोरूममधून बाहेर पडताना भाऊंनी लाल गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. तसा हात त्यांनी माझ्यावरून फिरवला नव्हता. मित्रांनो, त्यांनी मला निवडलं ते माझ्यासाठी नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

घरी आल्यावर त्यांनी माझं नाव ठेवलं म्हैस. "चाल व म्हशी," म्हणत ते मला बाहेर काढत. इंदुताईंना ते आवडत नसे. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं होतं. रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्याने त्या मला पुसत, कारण आमच्या भागात रात्रीतून सगळ्यांवर कोळशाची बारीक काळी भुकटी बसते. आधी काच, मग टाकी आणि शेवटी मागची सीट.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. सुटी मिळाली की आम्ही निघत असू. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी करत कुरखेड्याला जायचो. तिथे इंदुताईंचं माहेर. त्यांचे भाऊ अंकुश धान कापता कापता बांधावर येऊन उभे राहत आणि दुरूनच ओरडत, "आली व राणी गाडीवर बसून!" परतताना माझ्या एका पेटीत नवे तांदूळ असत, दुसरीत वाळवलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. वळण आलं की इंदुताई एक हात भाऊंच्या खांद्यावर ठेवत. वळण संपलं की काढून घेत. भाऊ त्यावरूनच वेग ठरवत.

एकदा आम्ही आलापल्लीच्या पुढच्या जंगलातून हेमलकशाला गेलो. दोन्हीकडे उंच सागवान, मैलोगणती माणूस नाही. एका वळणावर बुधरी नावाची माडिया म्हातारी चारोळी विकत बसली होती. तिने माझ्या सीटवर तळहात दाबून पाहिला आणि विचारलं, "हे खाट का गाडी?" इंदुताईंनी तिला हाताला धरून बसवलं. भाऊंनी तिला पुढच्या पाड्यापर्यंत नेलं आणि परत आणून सोडलं. तेवढा वेळ इंदुताईंनी तिची चारोळी राखली. म्हातारी उतरली तेव्हा खूप वेळ हसतच होती. त्या दिवशी भाऊ मला पहिल्यांदा म्हणाले, "बरी आहेस व तू." मी ते अजून विसरलेले नाही.

मग पुण्याला त्यांच्या मुलीला, उर्वशीला, मुलगी झाली. इंदुताई बाळंतपणासाठी गेल्या. तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. पण उर्वशीची नोकरी पुन्हा सुरू झाली, बाळाला सांभाळायला कोणी नव्हतं, आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

पुसायला कोणी राहिलं नाही. भाऊ मला कामावर नेत आणि परत आणत. माझ्या काचेवर काळा थर बसला. मागच्या सीटची पाठ तशीच राहिली, तिला टेकायला कोणी नव्हतं. तुम्हाला वाटेल, एक माणूस कमी झाला तर गाडीला हलकंच वाटत असेल. तसं नसतं. मला दोघांच्या वजनाची सवय झाली होती. एकट्याला घेऊन जाताना मी खड्ड्यांत उसळायची.

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी खाणीत कार्यक्रम झाला. शाल दिली, नारळ दिला. उर्वशीच्या बाळाला ताप होता म्हणून इंदुताईंना येता आलं नाही. भाऊंनी शाल-नारळ माझ्या पेटीत ठेवला आणि आम्ही घरी आलो. ती पेटी त्यांनी चार दिवस उघडलीच नाही. फोनवर मात्र पडवीतच उभे राहून सांगितलं, "मजेत झाला कार्यक्रम. मी मजेत आहे. तू कशी आहेस? मजेत? बरं बरं."

आता ती लाल गाडी कुठे गेली ते सांगते. भाऊंचा खाणीतला सोबती देवाजी याने ती घेतली होती. तो भाऊंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. भाऊंनीच तिचं इतकं कौतुक केलं होतं की त्याला राहवलं नाही. तीन गल्ल्या सोडून त्याचं घर. पेट्रोल पंपावर आम्ही दोघी कधी कधी शेजारी उभ्या राहत असू. एक दिवस देवाजी घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, माही कंबर गेली या गाडीनं. दुर्गा तं मागं बसतच नाई म्हनते. तुमची मागची सीट रिकामीच राह्यते. बदलून घ्यायची का?"

भाऊ बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणतील.

"मले तं आधीपासून तेच पायजे होती," ते म्हणाले. किल्ली त्यांनी देवाजीच्या हातात दिली. मला एकदा म्हैस म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते तसेच आत गेले.

देवाजी चांगला माणूस. त्याची बायको दुर्गा माझ्यावर बसून बाजाराला जायची, सगळ्यांना सांगायची, "किती आराम आहे जी." मी काम करत होते, मला कोणी टाकून दिलं नव्हतं. तरी पहाटे लाल गाडीचा आवाज आला की मी ऐकत राहायची. भाऊ वरोऱ्याच्या रस्त्याला सुसाट जात. अर्ध्या तासात तितकेच सुसाट परत येत. तिकडे कोणी वाट पाहत नव्हतं, आणि इकडेही नाही. खाणीत जसं खाली-वर होतं, तसंच ते झालं, फक्त जोरात.

मग एका सकाळी देवाजीच्या अंगणाचं फाटक वाजलं. इंदुताई उभ्या होत्या. पुण्याहून नुकत्या आलेल्या, हातात पिशवी तशीच. न कळवता आठ दिवसांसाठी आल्या होत्या. घरी पडवीत लाल गाडी पाहिली आणि पाणीही न पिता इकडे आल्या. मागून भाऊ चप्पल घालत घालत आले.

"माही गाडी इथी काऊन उभी आहे?" इंदुताईंनी विचारलं.

मित्रांनो, मला 'माझी' म्हणणारं ते पहिलं माणूस.

"तू नव्हती," भाऊ म्हणाले. "मागची सीट कोनाले पायजे होती?"

"मी पुन्याले गेली होती. मेली नव्हती."

देवाजी चहाचं सांगायला म्हणून आत निघून गेला. इंदुताई माझ्याजवळ आल्या. पदराने काच पुसू लागल्या, जोरजोरात.

"फोनवर इचारलं तं मजेत म्हने. मजेत असनारा मानूस असा दिसते? शर्टाले बटन नाई. गालं आत गेले."

"तू बी मजेतच म्हनत होती."

"मंग काय म्हनू? चवथ्या माळ्यावर खिडकीत बसून रडते म्हनू? पोरगी बाजूच्याच खोलीत राह्यते. तिले ऐकू गेलं असतं."

भाऊ ओट्यावर बसले. मग ते म्हणाले, "मले एकट्यानं करमत नाई, इंदू." तोवर ते त्यांना 'उर्वशीची माय' म्हणत. त्यांच्या तोंडून हे नाव मी तेव्हाच ऐकलं.

"मंग चाला नं तिकडं. पोरगी कितीदा म्हनते."

"जवायाच्या घरी जाऊन राहू?"

"मी राहूनच राह्यली नं. मी का लहान झाली?"

भाऊ उठले, आत गेले आणि देवाजीला लाल गाडीची किल्ली देऊन माझी घेऊन आले. इंदुताई मागे बसल्या, पाठ टेकली. तीन गल्ल्यांचं अंतर, पण भाऊंनी वरोरा नाक्यापर्यंत वळसा घातला. इतकी हळू मी कधी चालले नसेन.

त्या आठ दिवसांत आम्ही एकदा कुरखेड्याला जाऊन आलो. बाकीचे दिवस घर आवरण्यात गेले. धान्याचे डबे देवाजीकडे दिले, पंखे झाकले. त्या दोघांनी ठरवलं होतं. नात शाळेत जाईपर्यंत पुण्यालाच राहायचं, दोघांनी. देवाजी म्हणाला, "गाडी मले देऊन ठेवा." इंदुताई म्हणाल्या, "नाई. वापस आलो का लागन मले."

जायच्या दिवशी भाऊंनी माझ्या बॅटरीची तार काढली, साखळीला तेल लावलं. ताडपत्री हातात घेतली आणि ती तशीच ठेवून ते माझ्यावर बसले. पुढे नाही, मागच्या सीटवर. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. त्यांनी पाठ टेकली, दांड्यांवर हात ठेवले.

इंदुताई कुलूप लावून वळल्या. "काय करून राह्यले?"

"पाहून राह्यलो. तुले इथून काय दिसत होतं ते."

"मंग? काय दिसते?"

"काईच नाई. पुढच्याची पाठ."

इंदुताई हसल्या, पण डोळे पुसले. "चाला. ऑटो आला."

भाऊ उतरले. माझ्या टाकीवरून त्यांनी एकदा सावकाश हात फिरवला आणि ताडपत्री ओढून घेतली.

त्याला आता दीड वर्ष झालं. सुरुवातीला देवाजी दर रविवारी येऊन मला सुरू करायचा. त्याची पाळी बदलली, आता तो येत नाही. माझी चाकं बसली आहेत. डाव्या पेटीत उंदराने घर केलं आहे. तक्रार नाही. मला ज्यासाठी घेतलं होतं ते झालं. ती दोघं सोबत आहेत, फक्त माझ्यावर नाहीत. पण दुपारी गल्ली सामसूम झाली की फार एकटं वाटतं, हे तुम्हाला खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, वस्तू असो की माणूस, नुसतं उभं राहिलं की आतून गंजायला लागतं, आणि झाकलेलं असलं की बाहेरच्यांना ते दिसत नाही. तुमच्या घरचं कोणी दूर एकटं राहत असेल, तर त्याच्या फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. जाऊन त्याच्या शर्टाची बटणं पाहा. आणि या गल्लीतून जाताना कधी वेळ असेल, तर पडवीत या. ताडपत्री थोडी वर करा आणि मागच्या सीटवरची भुकटी तेवढी पुसून जा.