मागच्या खोलीतला पॉइंट

अनिताला घरात एक वायर लोंबलेली खपायची नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये वर्षानुवर्षं रिसेप्शनला उभी राहून तिची नजरच तशी झाली होती. पाहुण्यांना समोर फुलं दिसावीत. झाडू, बादली आणि झाडूवाली मागच्या जिन्यानं जावीत, हा तिथला नियम. कान्ह्यात स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा तो नियम तिनं घरीही आणला. नवरा सत्यम कंपनीतून दमून यायचा आणि म्हणायचा, "तुला हवं तसं कर." एवढं म्हटल्यावर बाईला कोण अडवतो?

विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर अजून व्हायचं होतं. कामशेतचा जुनेद वायरिंगला आला आणि अनिता खडू घेऊन खोलीखोलीतून फिरली. हॉलमध्ये मोठा टीव्ही, त्याच्या सगळ्या वायरी भिंतीच्या पोटात. जिन्याच्या वळणावर राउटर, म्हणजे वर लेकीच्या, मानसीच्या अभ्यासालाही नेट पोचेल. आणि जिन्यामागच्या खोलीत सासूबाईंसाठी एक टीव्ही. तिथं तिनं भिंतीवर ठळक चौकोन आखला.

"आजींना स्वतंत्र टीव्ही? नशीबवान आहेत," जुनेद म्हणाला.

"त्यांना मागेच ठेवायचंय रे. हॉलमध्ये पाहुण्यांसमोर नको. फार मोठ्यानं बोलतात."

ते काही खोटं नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, कमी ऐकू यायचं. जुन्या घरात टीव्हीचा आवाज आळीभर जायचा आणि बाईंचा त्याच्याही वर. एकदा रिसॉर्टचे मॅनेजर चहाला आले, तर खाटेवरून बाई म्हणाल्या, "ह्यो तुजा सायब व्हय? लय वाळल्यालाय की." साहेब हसले. अनिता मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांच्यासमोर मान वर करीना. तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं, की नव्या घरात सासूबाईंची खाट मागे. वेगळा टीव्ही दिला की नावं ठेवायला कुणाला जागा नाही, उलट सुनेचं कौतुकच व्हायचं. एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान घेऊन ती कामावर जात होती.

सुट्टीच्या दिवशी ती काम बघायला आली तेव्हा जुनेद हॉलची भिंत मशीननं कापत होता. धुरळा आणि कानठळ्या. वाट काढत ती मागच्या खोलीत गेली, तर तिथं लीलाबाई उभ्या. हातात घरचं पूजेचं ताट. खडूच्या चौकोनाला हळदकुंकू वाहिलेलं आणि विटांच्या फटीत झेंडूचं एक फूल खोचलेलं.

"आत्या, हे काय?" अनितानं विचारलं. मग नेहमीसारखं दुसऱ्यांदा, जवळ जाऊन विचारलं.

"देवाची देवळी आखलीस न्हवं, उगवतीच्या भितीला?" लीलाबाईंचं तोंड फुललं होतं. "मला मेलीला वाटलं, म्हातारीला मागं टाकत्यात. आन् तू तर देवच माज्या खोलीत आनलास. आता दिवाबत्तीला समदी हितंच येनार, मानसी बी."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण उद्या तिथं टीव्ही लागल्यावर काय? तिनं हातानं खूण करत सांगितलं, "आत्या, ही टीव्हीची जागा आहे. तुमच्या वेगळ्या टीव्हीची."

"माजा येगळा?" लीलाबाई चौकोनाकडे बघत राहिल्या. "मला त्यातलं कुटं काय आयकू येतंय? तुमी समदी बसता म्हनून मी बसते." आणि त्यांनी देवाची क्षमा मागितल्यासारखे हात जोडून ते फूल काढून घेतलं.

अनिताला लाज वाटली. अशी, की भिंतीकडे बघवेना आणि सासूकडेही. मशीन थांबली तशी ती दाराशी धावली. "जुनेद, हा मागचा पॉइंट नको. राहू दे."

मशीनचा आवाज अजून जुनेदच्या कानात होता. तो दारात आला आणि त्याच चढ्या पट्टीत म्हणाला, "अहो वहिनी, तुम्हीच म्हणालात ना, आजींना मागेच ठेवायचंय, पाहुण्यांसमोर नको म्हणून?"

ज्या बाईला सगळं दोनदा सांगावं लागे, तिला हे एकदाच पुरलं.

ताटातलं सांडलेलं कुंकू लीलाबाईंनी बोटानं गोळा केलं. "खरंच हाय त्याचं," त्या म्हणाल्या. "बोलते मी मोठ्यानं. मला माजाच आवाज येत न्हाई, तर मी काय करू?" मग दाराकडे मान करून विचारलं, "खाट हितं टाकली न् दार उगडं ठेवलं, तर तुमी समदी दिसाल न्हवं?"

अनिता खाटेच्या जागी जाऊन उभी राहिली. दारातून जिन्याची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. हॉलमधून ही खोली दिसत नाही म्हणून तर तिनं ती निवडली होती. इथून हॉल दिसत नाही, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आत्या, माझं चुकलं," ती पुटपुटली.

"काय म्हनलीस? मोठ्यानं बोल."

जुनेद दारात तसाच होता. त्याच्यामागे बिगारी घमेली खाली ठेवून उभे होते. रिसॉर्टमध्ये अनितानं आजवर कधी आवाज चढवला नव्हता, आणि माहेरची बोली तर तिथं तोंडातून निघू दिली नव्हती.

"हितनं न्हाई दिसत, आत्या," ती ओरडून म्हणाली. "माजं चुकलं. तुमची खाट हॉलमधीच टाकायची."

रिकाम्या घरात ते वरच्या मजल्यापर्यंत घुमलं. लीलाबाईंनी ऐकलं, सुनेच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि फूल तिच्या हातात दिलं.