चोरून घातलेले थेंब

सासऱ्यांना चहाला पिटाळलं की सूनबाई बादलीशी बसायची. सहा महिने हा उद्योग बिनबोभाट चालला होता. घरोघरी रंगकाम करणारी ही सासरा-सुनेची जोडी. रंग सासऱ्यांनी मिसळायचा आणि भिंती दोघांनी रंगवायच्या, असा शिरस्ता. चाळीस वर्षं सासऱ्यांनी मोजमाप न करता नुसत्या नजरेनं छटा जुळवल्या होत्या. पण हल्ली पांढरा आणि फिकट पिवळा त्यांना सारखेच दिसत. कबूल करतील तर शपथ! म्हणून तिनंच चोरवाट काढली. ते बाहेर गेले की कमी पडलेला रंग थेंबाथेंबानं घालायचा, ढवळायचा आणि साळसूदपणे ब्रश धूत बसायचं. 'म्हाताऱ्याची नजर गेली' हे गिऱ्हाइकाच्या तोंडून त्यांच्या कानी पडू नये, एवढीच तिची धडपड.

आज मात्र गाठ पडली ती निवृत्त मुख्याध्यापिकेशी. बाई खुर्ची टाकून बादलीसमोरच बसल्या, मांडीवर पडद्याचा तुकडा.

"भिंत हुबेहूब या मोतिया रंगाची हवी. मागच्या रंगाऱ्यानं फसवलं मला. मी इथून हलणार नाही."

सासऱ्यांनी पांढऱ्या रंगात पिवळ्या स्टेनरचे, म्हणजे छटेच्या दाट रंगाचे, चार थेंब टाकले, ढवळलं आणि म्हणाले, "झाला!"

कसला होतोय! बादलीत निव्वळ चुना दिसत होता.

"बाबा, चहा घेऊन येता?"

"आत्ताच तर घेतला."

"बाई, दूध उतू जातंय का हो?"

"दूध अजून आलेलंच नाही."

"दारात कुणीतरी..."

"बेल आहे आमच्याकडे," म्हणत बाई पडदा घेऊन बादलीवर वाकल्या.

सूनबाईचं धाबं दणाणलं. "थांबा, एकदा ढवळते," म्हणत तिनं मुठीत लपवलेली पिवळ्याची बाटली हळूच झुकवली. पाडायचे होते दोन थेंब. बूच निसटलं आणि अख्खी बाटली आत! मोतियाचा पार झेंडू झाला.

"अगं, हे काय केलंस?" बाई उभ्याच राहिल्या.

"माझीच चूक. बाबांनी अगदी बरोबर केला होता."

"काही बरोबर नव्हता," सासरे शांतपणे म्हणाले. "मला पिवळं नीट दिसत नाही, बाई. सहा महिने रंग हीच जुळवतेय. हिचं उरकेपर्यंत मी टपरीवर बसून राहतो."

सूनबाई गर्रकन त्यांच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत?"

"एवढं मन लावून फसवत होतीस, तुझा डाव मोडवेना."

त्यांनी दुसरी बादली ओढली, पांढरा रंग ओतला आणि काठी तिच्या हातात दिली. झेंडू थोडा थोडा घालत, कागदावर ठिपका वाळवून पडद्याशी धरत तिनं छटा आणली. शेवटचा ठिपका थेट पडद्यावरच लावून वाळवला तेव्हा तो शोधायला बाईंना चष्मा लावावा लागला.

"उरलेल्या खोल्यांनाही हिलाच पाठवा," त्या म्हणाल्या.

"येईल की. मला सोबत आणायचं की नाही, ते मात्र आता तिलाच विचारा." सासरे हसत म्हणाले खरे, पण नजर जमिनीवर होती.

सूनबाईला भडभडून आलं. ती त्यांच्यावरच खेकसली, "काहीतरीच काय बोलता, बाबा? छताला माझा हात पोहोचतो का?"